राजवाडा पाहिला, पण घर पाहायचे राहून गेले

संगममाहुली (सातारा)

गेल्या महिन्यात आईला घेऊन कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहून आलो. बरोबर धाकटा भाऊ आणि सहावीत जाणारा माझा नातू होता. आईचे वय ८१ आहे, पण चालण्याबोलण्यात ती अजून खणखणीत आहे. तळमजल्यावरचे संग्रहालय तिने एकेका काचपेटीपुढे थांबून पाहिले. तलवारी, बंदुका, पोशाख, हत्तीच्या पाठीवरची चांदीची अंबारी, छायाचित्रे, पेंढा भरलेले वाघ असे सगळे पाहून बाहेर आलो. पायऱ्यांवर बसून पाणी पिता पिता ती म्हणाली, "हत्तीवर बसायची सोय कळली. चूल कुठे होती ते काही दिसलं नाही."

आम्ही हसलो, पण साताऱ्याला पोहोचेपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मी ३१ वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि दरवर्षी मुलांच्या सहली कुठल्या ना कुठल्या वाड्यात नेल्या, परंतु हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. राजवाडा हे मुळात कोणाचे तरी घर असते. त्यात कोणी आजारी पडलेले असते, कोणाची मुले रात्री रडलेली असतात, पहाटे कोणीतरी पाणी तापवलेले असते. त्याचे संग्रहालय करताना आपण सगळ्या तलवारी एका दालनात ठेवतो, सगळी भांडी दुसऱ्या दालनात आणि सगळे पोशाख तिसऱ्यात. या वर्गवारीत वस्तू नीट दिसतात, पण घर विस्कटून जाते, असे मला वाटू लागले आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. एखादा राजवाडा आपल्याला घर म्हणून पाहायला मिळाला, असा अनुभव कोणाला आला आहे का? दुसरा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. मे महिन्यात आई आणि नातू यांना सातारा जिल्ह्यातल्या औंधचे संग्रहालय पाहायला नेण्याचा विचार आहे, तर आईला तिथली टेकडी झेपेल का?

अर्धा_कोल्हापूरकर (सांगली)

ताई, माझी सासुरवाडी कोल्हापूर असल्यामुळे मला राजवाड्याची बाजू घेणे भाग आहे, नाहीतर दिवाळीला पंचाईत होईल. आपण पाहिलेला भाग हा त्या इमारतीचा केवळ तळमजला आहे. छत्रपती घराण्याचे वास्तव्य त्याच वास्तूत आहे. ज्या घरात आजही माणसे राहतात, त्या घराचे स्वयंपाकघर पाहुण्यांना कसे दाखवणार? आपण दरबार सभागृहातल्या खिडक्यांविषयी काहीच लिहिले नाही, याचे मात्र आश्चर्य वाटले. शिवचरित्रातले प्रसंग त्या रंगीत काचांवर आहेत आणि सकाळचे ऊन त्यांतून आत येते, तेव्हा मी स्वतः अर्धा तास तिथून हललो नव्हतो. घर दिसले नाही हे मान्य केले, तरी दरबार तर दिसला ना?

लिंबाचा_पार (कराड)

आमच्याकडे पाहुणे आले की आमची आईही त्यांना फक्त पुढची खोलीच दाखवते, त्यामुळे छत्रपतींना मी दोष देऊ शकत नाही.

दप्तरबंद (पुणे, मूळ सातारा)

या निमित्ताने एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'शाहू महाराजांचा राजवाडा' असे आपण सहज म्हणतो, परंतु हा राजवाडा बांधायला घेतला तेव्हा शाहू महाराज गादीवर नव्हते. बांधकाम १८७७ ते १८८४ या काळातले आहे. त्याआधी १८७० मध्ये राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. त्यांच्यानंतर चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. बांधकाम सुरू झाले तेव्हा ते सुमारे १४ वर्षांचे होते आणि कारभार इंग्रजांच्या व त्यांनी नेमलेल्या कारभाऱ्यांच्या हाती होता. या तरुण राजाला वेडा ठरवून छळले जात आहे, असा बोभाटा झाला. त्यावर 'केसरी' आणि 'मराठा'मध्ये मजकूर आला, कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले.

म्हणजे ज्या राजासाठी हे घर उभे राहत होते, त्याचा अंत दुसऱ्याच गावी किल्ल्यात नजरकैदेत झाला. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव मार्च १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू महाराज झाले, तेव्हा त्यांना दहावे वर्ष चालू होते. इमारतीचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट हेदेखील १८८१ मध्येच वारले होते. कोल्हापूरचे नगरभवन आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ही कामेही त्यांचीच आहेत.

हा इतिहास मनात ठेवून त्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाहिले, की ती काळ्या दगडाची इमारत वेगळीच भासते. एका दत्तक मुलासाठी परक्या सत्तेने आखलेले ते घर होते. त्यामुळे त्यात घरपण सापडले नाही, याचा दोष सर्वस्वी संग्रहालयाला देता येणार नाही.

संगममाहुली (सातारा)

दप्तरबंद, टिळक आणि आगरकर यांचे १०१ दिवस मी वर्गात दरवर्षी शिकवले, परंतु ते दिवस आणि हा राजवाडा एकाच काळातले आहेत, हे माझ्या कधी लक्षात आले नाही. हे वाचून मला माझीच थोडी लाज वाटली. आईला हे वाचून दाखवले. तिने फक्त "पोरगं विसाव्या वर्षी गेलं की हो," एवढेच म्हटले आणि उठून आत गेली.

अर्धा कोल्हापूरकर, दरबार पाहिला आणि तो सुंदर आहेच. मी त्याविषयी लिहिले नाही, कारण त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

हळदबाजार (सांगली)

सगळे जण फार गंभीर झाले आहेत, म्हणून सामान्य माणसाची बाजू मांडतो. माझी दोन मुले त्या राजवाड्यात गेली ती वाघ पाहण्यासाठी आणि बाहेर आली ती वाघाविषयीच बोलत. तुमचा मुलांना इतिहास शिकवण्याचा उद्देश कितीही थोर असला, तरी दहा वर्षांच्या मुलाला वाघाच्या जबड्यासमोर उभे केल्यावर तो दत्तकविधानाचा विचार करणार नाही. मला तर वाटते, की ती शिकारीची दालने नसती तर निम्मे लोक आत गेलेच नसते.

देवराई (पाटण)

हळदबाजार, नेमकी हीच माझी अडचण आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, राधानगरीचे धरण बांधायला घेतले, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन ते स्वतः चहा घेत असत, ही गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. या कामांपैकी एकही काम काचपेटीत मावणारे नाही. वाघ मात्र मावतो. म्हणून माझी मुलगी राजवाडा पाहून आली आणि "हे राजे खूप शिकार करायचे" एवढेच शिकली. वाघ काढून टाका असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यांच्याकडे पाहताना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आणि सह्याद्रीतून आज वाघ किती दुर्मीळ झाला आहे याची आठवण कोणीतरी करून दिली पाहिजे.

काचपेटी (मिरज)

मी काही वर्षे वस्तूंच्या जतनाचे काम केले आहे, म्हणून पडद्यामागची थोडी माहिती देते.

पहिली गोष्ट हळदबाजार यांच्या मुलांसाठी आहे. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांना कधीही हात लावू देऊ नका. कातडे कीड लागून खराब होऊ नये म्हणून त्या काळी आर्सेनिक घातलेला साबण आतून चोळत असत आणि तो विषारी अंश आजही केसांत व कातड्यात राहिलेला असू शकतो. "कृपया स्पर्श करू नये" ही पाटी वाघाच्या मिशा वाचवण्यासाठी असते, तशीच ती आपल्याला वाचवण्यासाठीही असते.

दुसरी गोष्ट उजेडाची. पुष्कळ जण दालने अंधारी असल्याची तक्रार करतात. जलरंगातली चित्रे, कागद आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू नये आणि तैलचित्रांवर २०० लक्सच्या आसपास असावा, असा संकेत आहे, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. पैठणी अंधारात ठेवतात तेव्हा कोणी कंजूषपणा करत नसते.

आता ताईंच्या आईंचा प्रश्न. मला तो या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. रोज वापरात असलेली वस्तू झिजते. तांब्याच्या हंड्याला पुन्हा पुन्हा कल्हई होते, मग तो गळू लागतो, मग मोडीत जातो आणि त्याचे दुसरे भांडे होते. पाटा टाकीचे घाव खात झिजतो. लाकडी पाट जळणात जातो. उलट चांदीची अंबारी वर्षातून एक-दोनदा बाहेर निघते, म्हणून ती शंभर वर्षांनीही चकचकीत राहते. त्यामुळे संग्रहालयाकडे येते ती बहुतेक वेळा घरात सर्वांत कमी वापरली गेलेली वस्तू असते. स्वयंपाकघर कोणी मुद्दाम लपवलेले नसते. ते वापरून संपलेले असते.

लिंबाचा_पार (कराड)

काचपेटी ताईंचे हे म्हणणे खरे असेल, तर आमच्या घरातून शंभर वर्षांनी संग्रहालयात फक्त माझी व्यायामाची सायकल जाईल.

वाईचा_वाटसरू (वाई)

मूळ प्रश्नाकडे येतो. घर म्हणून दिसलेला वाडा मला विचाराल, तर वाईपासून जवळच असलेला मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा सांगेन. चौकामागून चौक ओलांडत आपण आत जातो, भिंतींवर जुनी चित्रे आहेत आणि मागच्या बाजूने थेट कृष्णेच्या घाटावर उतरता येते. तिथे काचपेट्यांची गर्दी नाही. जोत्यावर बसले, की माणसे कुठे बसत असतील, बायका कुठून ये-जा करत असतील, हे आपोआप समजते. घाटावरच्या देवळाजवळ वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, तीही पाहून घ्या. ताईंच्या आईंना पायऱ्या उतरण्यापुरते सांभाळावे लागेल.

दप्तरबंद (पुणे, मूळ सातारा)

वाटसरू, सूचना उत्तम आहे. फक्त नोंद म्हणून सांगतो, की नाना राजे नव्हते. ते पेशव्यांचे फडणीस होते आणि पेशवेही छत्रपतींचे प्रधान होते. धागा राज्यकर्त्यांच्या निवासांविषयी आहे.

वाईचा_वाटसरू (वाई)

ज्या माणसाच्या शब्दावाचून पुण्यात तीन दशके पान हलत नव्हते, त्याला राज्यकर्ता म्हणायचे नसेल, तर आपली इच्छा. मी वाडा सांगितला, पदवी सांगितली नव्हती.

दप्तरबंद (पुणे, मूळ सातारा)

मान्य आहे, माझा शब्द मागे घेतो. नुकसानभरपाई म्हणून एक मुद्दा देतो. मराठा राज्यात 'अठरा कारखाने' असत. हत्तींचा पीलखाना, शस्त्रांचा शिलेखाना, कापडाचा आणि मौल्यवान जिनसांचा जामदारखाना, तंबू-बिछायतीचा फरासखाना, पिण्याच्या पाण्याचा आबदारखाना आणि स्वयंपाकाचा मुदपाकखाना. प्रत्येकाचा वेगळा दारोगा आणि वेगळा हिशेब असे. त्यामुळे तलवारी तलवारींजवळ ठेवण्याची रीत संग्रहालयांनी नव्याने काढलेली नाही, वाड्यातच ती तशी होती. ताईंचा 'घर विस्कटले' हा मुद्दा म्हणूनच मला पूर्णपणे पटत नाही. राजाचे घर हे मुळातच खात्यांमध्ये वाटलेले होते. फरक इतकाच, की संग्रहालयाने शिलेखाना आणि जामदारखाना ठेवला, पण मुदपाकखाना आणि आबदारखाना गाळला.

संगममाहुली (सातारा)

हे फार नेमके सांगितलेत. आईला "चुलीचे खाते गाळले आहे" असे सांगितल्यावर ती म्हणाली, की हिशेब मात्र सगळ्यात जास्त तिथलाच असणार.

विश्रामबाग (सांगली)

आमच्या सांगलीचा अनुभव या सगळ्याहून वेगळा आहे. चिंतामणराव पटवर्धन १८०१ च्या सुमारास मिरजेहून वेगळे झाले आणि सांगलीला आले. मग गणेशदुर्ग उभा राहिला. पण माझ्या पिढीला तो राजवाडा माहीत आहे तो सरकारी कचेऱ्यांसाठी. वडिलांबरोबर मी लहानपणी अनेकदा तिथे गेलो, ते कुठल्या तरी दाखल्यासाठी. राजा कुठे बसत असेल हा विचार कधी मनात आला नाही, कारण साहेब कुठे बसतात हे शोधण्यातच दुपार जात असे. आता मागे वळून पाहताना वाटते, की प्रजेच्या दृष्टीने राजवाड्याचा मूळ उपयोगही हाच असावा, अर्ज घेऊन तिष्ठत उभे राहणे. त्या अर्थाने आम्ही अधिक अस्सल राजवाडा पाहिला.

चौथी_पायरी (सातारा)

विश्रामबाग, तुमचे वाचून राहवले नाही. मी साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात पाच वर्षे रोज गेलो आहे, कारण आमची प्रतापसिंह हायस्कूल ही शाळा तिथेच भरत असे. लाकडी खांब, उंच जोती, पावसाळ्यात गळणारे कोपरे आणि मधल्या सुट्टीतला कोलाहल हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहे. आम्ही ज्या ठिकाणी पाढे म्हणत होतो, तिथे एके काळी छत्रपतींचा दरबारी माणूस वावरत असेल, याचे आम्हाला काहीही वाटत नसे.

प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८१८ मध्ये गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये काढून काशीला पाठवले. तिथेच १८४७ मध्ये ते वारले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये १४ वर्षे खेटे घालत राहिले आणि दरम्यान १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केले. म्हणजे महाराजांची कारकीर्द अवघी २१ वर्षांची. त्या वास्तूत विद्यार्थ्यांनी काढलेली वर्षे त्याच्या कितीतरी पट आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. नोंदवहीत त्या नावासमोर १९१४ हा क्रमांक आहे आणि ती वही शाळेने जपून ठेवली आहे. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

आता ताई, तुम्ही सांगा. उद्या त्या वास्तूचे संग्रहालय झाले, तर त्यात काय मांडावे? सिंहासन, की ती नोंदवही? ज्या मुलाला दुसऱ्या एखाद्या राजवाड्याच्या उंबऱ्यावरही उभे राहू दिले नसते, तो या राजवाड्यात इंग्रजी पहिलीत बसला. माझ्या मते त्या वास्तूतली सर्वांत मोलाची वस्तू ती वहीच आहे.

देवराई (पाटण)

चौथी पायरी, मन भरून आले. एक दुरुस्ती सुचवते. तो मुलगा बसला हे खरे, परंतु इतर मुलांपासून वेगळा बसवला जात होता, हेही त्या दालनात लिहिले गेले पाहिजे. नाहीतर तीही आणखी एक चकचकीत अंबारीच होईल.

चौथी_पायरी (सातारा)

हे माझ्याकडून राहून गेले होते आणि राहायला नको होते. दुरुस्ती मान्य.

हळदबाजार (सांगली)

साताऱ्याचा विषय निघालाच आहे, तर वाघनखांविषयी कोणी का बोलत नाही? २०२४ च्या जुलैत ती लंडनहून साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात आली, तेव्हा आम्ही खास गाडी करून गेलो होतो. बराच वेळ रांगेत उभे राहिलो आणि काचेसमोर फार तर अर्धे मिनिट मिळाले.

दप्तरबंद (पुणे, मूळ सातारा)

ती वाघनखे साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे होती. अफझलखानाच्या वधाच्या वेळी वापरली गेली ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतःच नमूद केलेले आहे. तरीही ज्या गावातून एखादी वस्तू बाहेर गेली, त्याच गावात ती काही काळ परत येते, याला अर्थ आहे. याच साताऱ्यात इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी कष्टाने जमवलेला ऐतिहासिक संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, त्याची हळहळ मात्र फारशी कोणी करत नाही. परंतु हा वेगळा धागा होईल. ताईंना औंधविषयी अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

खटावची_ज्वारी (खटाव)

औंधचे उत्तर माझ्याकडे आहे, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. सुगीमुळे इकडे फिरकायला वेळ मिळाला नाही.

ताई, आधी टेकडीचे सांगते. यमाईचे मूळपीठ टेकडीच्या माथ्यावर आहे आणि श्रीभवानी संग्रहालय त्या टेकडीच्या उतारावर आहे. वाहन संग्रहालयाजवळ जाते, त्यामुळे आईंना फार चढावे लागणार नाही. माथ्यावर जायचे असेल तर सकाळी लवकर या, कारण आमच्याकडचे मे महिन्यातले ऊन पाहुणा कोण आणि घरचा कोण हे पाहत नाही.

आता एक खुलासा करते. हे संग्रहालय राजवाड्याचे रूपांतर करून झालेले नाही. राजवाडा खाली गावात यमाईच्या देवळाला लागून आहे. औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ही इमारत १९३८ च्या सुमारास केवळ चित्रे आणि शिल्पे ठेवण्यासाठी बांधली. राजाने स्वतःच्या घरातली कला उचलून टेकडीवर नेली आणि सगळ्यांसाठी खुली केली. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे, धुरंधरांची चित्रे, बंगालच्या चित्रकारांचे काम, हस्तिदंतातले आणि चंदनातले कोरीवकाम आणि सर्वांत अनपेक्षित म्हणजे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे शिल्प, हे सगळे खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर आहे. बाहेरगावचे लोक मूरसाठी येतात. आमच्या गावचे लोक मूरला ओलांडून रविवर्म्याकडे जातात.

बाळासाहेब स्वतः चित्रे काढत. त्यांनी रामायणावर चित्रमालिका केली आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला मोठे साहाय्य केले. ते कीर्तन करत. सूर्यनमस्कारांचा प्रसार तर त्यांनी आयुष्यभर केला आणि संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी माळरान दिले, तेच आजचे किर्लोस्करवाडी. अवघ्या ७२ गावांचे हे संस्थान, तेही सातारा, सांगली आणि विजापूर भागांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. एवढ्याशा संस्थानाने १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने तयार केलेली राज्यघटना लागू करून कारभार लोकांच्या पंचायतींकडे सोपवला. राजपुत्र अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन हे त्या कामात पुढे होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत त्याच प्रयोगातून उभी राहिली.

म्हणून माझे सांगणे असे, की नातवाला चित्रे दाखवण्याआधी गाडीतच हे सगळे सांगून टाका. आत गेल्यावर तो चित्रे पाहील आणि पाहू द्या.

देवराई (पाटण)

औंधच्या राजांविषयी आदर आहेच. तरीही एक शंका मांडते. हेन्री मूरचे शिल्प विकत घ्यायला लागलेले पैसे शेवटी रयतेच्या साऱ्यातूनच आले असणार. माणदेशासारख्या दुष्काळी भागातल्या रयतेला त्या शिल्पाचा काय उपयोग झाला?

खटावची_ज्वारी (खटाव)

प्रश्न रास्त आहे. माझे पणजोबा औंध संस्थानचे रयत होते आणि जिरायती शेतकरी होते, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क आमच्या घराचा आहे. माझे उत्तर असे आहे, की पुष्कळ राजांनी त्याच साऱ्यातून मोटारी घेतल्या. त्या मोटारी आज कुठे आहेत हे कोणाला माहीत नाही. आमच्या वाट्याची कला अजून टेकडीवर आहे आणि मी कधीही जाऊन ती पाहू शकते. दुष्काळाचे म्हणाल, तर तो त्या शिल्पामुळे आला नाही आणि ते नसते तर हटलाही नसता.

अर्धा_कोल्हापूरकर (सांगली)

संस्थानिकांच्या मोटारींविषयीचा टोला आमच्या सासुरवाडीकडे असेल, तर तो मी पोहोचवणार नाही.

राजवाड्यात जिवंतपणा कुठे दिसला, असे विचाराल, तर मला सावंतवाडी आठवते. तिथल्या राजवाड्यात कारागीर बसून गंजिफा रंगवताना मी पाहिले आहेत. गेल्या शतकात ती कला लोप पावायला आली, तेव्हा राजघराण्यानेच ती उचलून धरली. गोल पत्त्यांवर दशावतार रंगवणाऱ्या माणसाशेजारी उभे राहून मी त्याला शंका विचारू शकलो. काचपेटीला शंका विचारता येत नाही.

संगममाहुली (सातारा)

मंडळी, मागच्या आठवड्यात औंधला जाऊन आलो, म्हणून हिशेब द्यायला आले आहे.

ज्वारी ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे रहिमतपूर येईपर्यंत नातवाला सगळे सांगून टाकले. ७२ गावांची गोष्ट त्याला आवडली, कारण आमच्या सोसायटीतच ७२ घरे आहेत आणि तिथे पाण्याच्या वेळेवरही कधी एकमत होत नाही. आत गेल्यावर तो रविवर्म्यापुढे दोन मिनिटे थांबला आणि मूरच्या शिल्पाभोवती मात्र तीन फेऱ्या मारल्या. का, ते त्याला सांगता आले नाही आणि मीही खोदून विचारले नाही.

आई दोनच दालने पाहून दमली. मग भाऊ तिला खाली गावात देवळाशी घेऊन गेला. आम्ही तासाभराने खाली उतरलो, तेव्हा ती तिच्याच वयाच्या एका बाईंशेजारी ओट्यावर बसली होती आणि दोघींचे बोलणे रंगात आले होते. त्या बाईंचे वडील संस्थानच्या शाळेत शिकलेले. पहाटे उठून आधी सूर्यनमस्कार घालावे लागत आणि मगच भाकरी मिळे, म्हणून वडील म्हातारपणीही उपाशीपोटी नमस्कार घातल्याशिवाय न्याहारीला हात लावत नसत, असे त्या सांगत होत्या. आईने त्यांना राजवाड्यातल्या स्वयंपाकाविषयीही विचारले होते. त्यांची आजी म्हणे सणाच्या दिवसांत वाड्यावर पुरणाची डाळ निवडायला जात असे. किती शेर डाळ, किती बायका, जात्याचा आवाज कुठपर्यंत येई, संध्याकाळी घरी जाताना पदरात काय घालून देत, हे सगळे आईला आता पाठ आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते आहे.

दप्तरबंद, ऐकीव गोष्ट आहे, पुरावा मागू नका.

दप्तरबंद (पुणे, मूळ सातारा)

मागत नाही. फक्त आपल्या आईंकडून ते सगळे एकदा लिहून घ्या आणि त्या बाईंचे नाव व गाव शेजारी नोंदवा. वहीत तारीख घालायला विसरू नका.

काचपेटी (मिरज)

वही साध्या पिवळ्या कागदाची नको, तो काही वर्षांतच ठिसूळ होतो. आम्लविरहित कागद मिळाला तर पाहा आणि शाई टिकाऊ वापरा.

लिंबाचा_पार (कराड)

पदरात काय घालून देत होते, ते मात्र ताईंनी सांगितलेच नाही.

संगममाहुली (सातारा)

कटाची आमटी आणि दोन पुरणपोळ्या, पितळी डब्यात. डबा दुसऱ्या दिवशी परत करावा लागे.